आपल्या घराजवळ बेघरांसाठी टायनी होम वसाहत : सॅन होजेचा अनुभव आणि एक प्रश्न

नदीकाठ :

नमस्कार.

गेले काही महिने इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच विषयावरून बरीच कडवट बोलाचाली झाली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराने बेघरांसाठी उभारलेल्या टायनी होम वसाहती (छोट्या, तात्पुरत्या खोल्यांच्या वसाहती), आणि त्यातही आपल्या घरांजवळ होऊ घातलेल्या वसाहती, हा तो विषय. रात्री अकराला रागाने पाठवलेल्या चार ओळींच्या निरोपांतून तो उलगडणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मी या शहरात एकोणीस वर्षे राहते. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर अशी एक वसाहत आहे आणि आम्ही सात-आठ कुटुंबे महिन्यातल्या एका रविवारी तिथे रात्रीचे जेवण घेऊन जातो. तिथे राहणाऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न असल्यामुळे वसाहतीचे नाव देत नाही.

ज्यांना मागचे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कायोटी क्रीकच्या काठावर ‘जंगल’ नावाने ओळखली जाणारी तंबूंची वस्ती होती आणि देशातल्या सर्वांत मोठ्या बेघर वस्त्यांत तिची गणना होत असे. शहराने ४ डिसेंबर २०१४ रोजी ती उठवली. तिथली सुमारे तीनशे माणसे त्या दिवशी निघाली, परंतु निघून जायचे कुठे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते, त्यामुळे ती ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, ग्वादलुपे नदीवरच्या पुलांखाली आणि आपापल्या गाड्यांत पांगली. वस्ती उठवल्याने बेघरपणा जात नाही, हे या शहराने तेव्हा जवळून पाहिले. २०१६ मध्ये राज्याने सॅन होजेसाठी खास कायदा केला आणि नेहमीच्या बांधकाम नियमांतून सूट देऊन तात्पुरत्या छोट्या खोल्या बांधण्याची मुभा शहराला दिली. तरी पहिली वसाहत उघडायला २०२० साल उजाडले. मॅबरी रोडवरच्या त्या वसाहतीत चाळीस खोल्या होत्या. प्रत्येक खोली सुमारे ८० चौरस फुटांची, आणि न्हाणीघरे, स्वयंपाकघर व कपडे धुण्याची सोय सामायिक. पाठोपाठ करोना आला, आणीबाणीच्या अधिकारांमुळे कामाला वेग आला, आणि कारखान्यात तयार झालेल्या खोल्या ट्रकवरून आणून हमरस्त्यांलगतच्या मोकळ्या जमिनींवर मांडल्या जाऊ लागल्या. नंतरच्या अनेक वसाहतींत खोलीला स्वतःचे न्हाणीघर आहे, आणि हा फरक कागदावर वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. उभारणी शहर करते आणि रोजचा कारभार एखादी स्वयंसेवी संस्था पाहते, अशी साधारण व्यवस्था असते.

आता मी जे पाहिले ते लिहिते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती. भाजी संपली, पोळ्यांची चळत मात्र जवळजवळ तशीच परत आली. त्यांना आपले जेवण आवडले नाही असे समजून आम्ही हिरमुसलो होतो. तिथे काम करणाऱ्या एका बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की निम्म्या लोकांना चावता येत नाही. अनेक वर्षे उघड्यावर काढलेल्या माणसाचे दात पहिल्यांदा जातात, आणि कोणी कवळी मिळवून दिली तरी तंबूतून ती हरवते किंवा सामान उचलणाऱ्या ट्रकमध्ये जाते. तेव्हापासून आम्ही मुगाची मऊ खिचडी, कढी आणि शिजवलेली सफरचंदे नेतो, आणि पातेली रिकामी परत येतात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ तिथे नव्याने आले होते. खोली त्यांना आदल्याच दिवशी मिळाली होती. जेवणाचा डबा घेऊन ते दाराशी पोचले, डबा पायरीवर ठेवला, कुलूप उघडले, आत न जाता पुन्हा लावले, मूठ ओढून पाहिली आणि पुन्हा उघडले. असे त्यांनी तीनदा केले. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, “चार वर्षांत मी कशालाही कुलूप लावलेले नाही.” पुढे ओळख वाढल्यावर कळले की ते याच खोऱ्यात जन्मले, त्यांचे वडील इथल्या फळांच्या डबाबंद कारखान्यात कामाला होते, आणि त्यांनी स्वतः तीस वर्षे शाळांच्या स्वयंपाकघरांत काम केले. पत्नीचे आजारपण, मग तिचा मृत्यू, मग इमारत विकली जाऊन वाढलेले भाडे, मग व्हॅनमध्ये मुक्काम, आणि शेवटी ती व्हॅनही उचलून नेली गेल्यावर ओढ्याकाठचा तंबू, अशा पायऱ्यांनी ते खाली आले.

“ही माणसे बाहेरून येतात, कॅलिफोर्नियाची हवा चांगली म्हणून येतात,” असे गटावर अनेकांनी लिहिले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राज्यव्यापी पाहणीत दर दहांपैकी नऊ जणांचे शेवटचे घर कॅलिफोर्नियातच सुटलेले आढळले, आणि दर चारांपैकी तीन जण तर ज्या कौंटीत (जिल्ह्यात) घर गेले त्याच कौंटीत राहत होते. एकट्याने राहणाऱ्यांचे मध्यक वय (निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे) ४७ होते, आणि घर सुटण्याआधीच्या सहा महिन्यांत घरातले मध्यक मासिक उत्पन्न होते ९६० डॉलर. या रकमेत इथे काय भाड्याने मिळते हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणून, आपल्या घराजवळ वसाहत होऊ द्यावी का, याचे माझे उत्तर स्वच्छ ‘हो’ आहे. दाराला कुलूप असणे, रात्री पाठ टेकून झोपता येणे, औषधे आणि कागदपत्रे जागच्या जागी राहणे, यांनी माणूस बदलताना मी पाहिला आहे.

माझी तक्रार पुढची आहे. ते गृहस्थ अजून तिथेच आहेत. ही खोली काही महिन्यांच्या मुक्कामासाठी होती, इथून पुढे कायमचे घर मिळेल असे त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी सांगितले ते सगळे केले. ओळखपत्र काढले, दवाखान्याच्या वेळा पाळल्या, यादीत नाव घातले, त्यांच्या मदतीचा पाठपुरावा करणाऱ्या केस मॅनेजरला दर आठवड्याला भेटले. त्यांच्या हाती महिन्याला बाराशे डॉलरच्या आसपास येतात आणि या शहरात एका बेडरूमच्या घराचे भाडे अडीच हजारांच्या पुढे आहे. मधली दरी भरणारे अनुदानित घर किंवा भाड्याचा काही भाग सरकार भरते असे व्हाउचर मिळेपर्यंत त्यांनी कितीही धडपड केली तरी ते त्या खोलीतून हलू शकत नाहीत. आणि ते हलत नाहीत म्हणून ओढ्याकाठचा पुढचा माणूस आत येऊ शकत नाही.

याच ठिकाणी पैशांचा प्रश्न येतो. मार्च २०२० मध्ये आपण मतदारांनी मेझर ई हा करप्रस्ताव मंजूर केला. वीस लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तांच्या विक्रीवर कर लावायचा आणि तो पैसा मुख्यतः परवडणाऱ्या घरांसाठी वापरायचा, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला होता. २०२३ मध्ये मॅट महान महापौर झाल्यापासून त्यातला वाढता भाग तात्पुरत्या निवाऱ्याकडे वळवला गेला आहे. त्यांचे म्हणणे मी समजू शकते. एक परवडणारे घर बांधायला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि वर्षानुवर्षे लागतात, तोवर माणसे उघड्यावर मरतात, म्हणून आधी छप्पर द्या. या विधानाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. परंतु बाहेर पडायचे दार बांधण्याचा पैसा काढून आत येण्याचे दार रुंद केले, तर काही वर्षांत या वसाहती म्हणजे भरलेल्या, न हलणाऱ्या खोल्या होतील, आणि मग “इतका पैसा खर्चूनही काही झाले नाही” असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल.

आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील. विरोध असेल तर तोही लिहा, मात्र तिथल्या माणसांविषयी शब्द जपून वापरावेत ही विनंती.

दक्षिण_टोक :

नदीकाठताई, तुम्ही विरोधही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. गटावरचे काही कडवट निरोप माझेच होते, आणि शब्दांबद्दल मला खेद आहे, परंतु भीती खोटी नव्हती. माझी मुले सात आणि दहा वर्षांची आहेत. ओढ्याच्या पायवाटेवर मुलाच्या सायकलच्या चाकाखाली इंजेक्शनची सुई आली, ती मी हाताने उचलली, आणि नंतर तीन आठवडे तक्रार करूनही कोणी फिरकले नाही. वसाहत झाल्यावर ती नीट सांभाळाल याची खात्री शहराकडे मागितली, तर आम्हाला निष्ठुर ठरवले गेले. शहराने घेतलेल्या सभेत तक्ते दाखवून उत्तरे टाळली गेली. माझे तीन प्रश्न आहेत. शाळेजवळची जागाच का? व्यसनमुक्तीची अट का घालत नाहीत? आणि रात्री दोन वाजता काही झाले तर फोन कोणाला करायचा? यांची उत्तरे मिळाली तर मी विरोध सोडायला तयार आहे.

पायाभरणी :

मी बांधकाम सल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे जागेच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने देतो. लोकांना वाटते की छोटे घर म्हणजे स्वस्त घर, आणि ते कुठेही ठेवता येते. खोली खरोखरच स्वस्त असते. खर्च जमिनीखाली असतो. सांडपाण्याची मुख्य वाहिनी कुठून जाते, तिचा उतार पुरतो का, वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर किती भार घेईल, अग्निशमन दलाची गाडी आत वळू शकेल का, खोल्यांमध्ये आग पसरू नये इतके अंतर राहते का, यांवर जागा ठरते. शहराच्या मालकीची, पुरेशी सपाट, पुराच्या रेषेबाहेरची आणि मलवाहिनीजवळची जमीन शोधायला बसलात तर नकाशावर मोजकेच ठिपके उरतात. त्यामुळे हमरस्त्याच्या उतारांलगतच्या आणि पाणी खात्यासारख्या सार्वजनिक संस्थांच्या पडीक जमिनी पुन्हापुन्हा पुढे येतात, आणि त्यांच्या शेजारी कोणाची ना कोणाची घरे असतातच.

दुसरी गोष्ट कायमच्या घरांची. काही वर्षांपूर्वीपर्यंत सॅन होजेतील निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमीन एकेका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी राखीव होती. २०२१ मध्ये राज्याने कायदा करून त्यात थोडी फट पाडली, परंतु पन्नास-साठ वर्षे जे बांधूच दिले नाही ते पाच वर्षांत उभे राहत नाही. आपण याच नियमांच्या आधाराने घरे घेतली आणि त्यांच्या किमती वाढल्याचा आनंदही मानला. हे मी स्वतःला धरून म्हणतो आहे.

नदीकाठ :

दक्षिण_टोक, तुम्ही लिहिलेत याचा मला फार आनंद झाला. सुईची गोष्ट वाचून पोटात गोळा आला.

जागेचे उत्तर पायाभरणी यांनी दिलेच आहे. रात्रीच्या फोनचे सांगते : मी जाते त्या वसाहतीत चोवीस तास सुरक्षारक्षक आणि कर्मचारी असतात, दारावर नोंद होते, आणि रस्त्यावरून चालत येऊन कोणालाही खोली मागता येत नाही. मदत पथके ज्यांना तंबूत भेटतात त्यांची शिफारस होते, आणि आसपासच्याच लोकांना प्राधान्य देतात. वसाहतीभोवतीच्या पट्ट्यात तंबू न ठोकू देण्याचा नियमही शहराने केला आहे. आमच्या भागात वसाहत झाल्यावर ओढ्याकाठचे तंबू कमी झाले, कारण त्यातलीच माणसे आत गेली.

व्यसनमुक्तीच्या अटीविषयी माझेही मत आधी तुमच्यासारखेच होते. आधी सुधारा, मग घर मिळेल, ही पद्धत अमेरिकेत अनेक दशके होती, आणि ज्यांची अवस्था सर्वांत वाईट ते तिच्या पहिल्याच पायरीवर गळत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम लावला, आधी घर आणि मग उपचार. त्यातली बहुसंख्य माणसे घरात टिकली, म्हणून ती पद्धत पुढे देशभर गेली. खोलीत येण्यासाठी अट नसली तरी आत राहताना वागण्याचे नियम असतातच, आणि मारामारी किंवा अमली पदार्थांची विक्री करणाऱ्याला काढतात. मात्र माणूस व्यसन सोडायला तयार होतो त्या दिवशी त्याला उपचाराची जागा मिळते का, असा प्रश्न तुम्ही सभेत विचारलात तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन, कारण ती जागा बहुतेक वेळा मिळत नाही.

निशिगंध :

मी परिचारिका आहे आणि रस्त्यावर जाऊन उपचार करणाऱ्या एका पथकात काही वर्षे काम केले आहे. दोनच गोष्टी सांगते.

मधुमेही माणसाला तंबूत इन्सुलिन ठेवता येत नाही. ते उन्हात खराब होते किंवा चोरीला जाते. मग जखम भरत नाही, मग बोट जाते, मग पाऊल. आम्ही रुग्णालयात जखम धुऊन, पट्टी बांधून, “पाय कोरडा ठेवा” असे लिहिलेला कागद हातात देऊन माणसाला ओढ्याच्या चिखलात परत पाठवत होतो. छोट्या खोलीतला गुडघ्याएवढा फ्रिज आणि विजेचा एक प्लग यांनी जे साधते ते माझ्या पट्ट्यांनी कधी साधले नाही.

दुसरे म्हणजे बायका. उघड्यावर राहणारी बाई रात्री झोपत नाही, कारण झोपणे धोक्याचे असते. ती दिवसा बसथांब्यावर, वाचनालयात, बसमध्ये झोपते, आणि आपण म्हणतो की ही दिवसभर झोपून असते, काम का करत नाही. खोली मिळाल्यावर पहिले कित्येक दिवस बायका नुसत्या झोपतात. कर्मचाऱ्यांना हे ठाऊक असते, ते त्यांना उठवत नाहीत.

सिएटलकर :

आमच्याकडे हा प्रयोग २०१५ पासून सुरू आहे, त्यामुळे थोडी भर घालतो. सिएटलमध्ये लो इन्कम हाउसिंग इन्स्टिट्यूट ही संस्था अशी बरीच गावे चालवते आणि शहर पैसा देते. इथली घरे लाकडी, आठ फूट बाय बारा फूट, म्हणजे ९६ चौरस फुटांची असतात. १२० चौरस फुटांच्या आत राहिल्यास बांधकाम परवानगीचा घोळ टळतो, हे त्या मापामागचे कारण आहे. अनेक घरे स्वयंसेवकांनी आणि सुतारकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी बांधली आहेत. मी स्वतः दोन शनिवार पत्रे ठोकायला गेलो होतो.

तुमच्याकडच्या वर्णनात मला एक उणीव दिसते. आमच्या काही गावांत राहणारी माणसे दर आठवड्याला सभा घेतात, दारावरची पाळी, स्वयंपाकघराची सफाई, आवाजाची वेळ हे आपसांत ठरवतात. शेजाऱ्यांची समितीही असते आणि तिच्या बैठकीला गावातले रहिवासी येतात. “तिथली माणसे” म्हणून ओळखली जाणारी माणसे समोर बसून बोलू लागली की विरोध बराच निवळतो. सगळीकडे हे जमते असे मी म्हणत नाही, आजारी आणि थकलेल्या लोकांवर कारभाराचे ओझे टाकणेही योग्य नाही, परंतु पाहुण्यांसाठी दारे पूर्ण बंद आणि आत सगळे नियम वरून आलेले, अशा वसाहतीत माणूस आश्रित होऊन राहतो.

बाकी बाहेर पडण्याचे दार आमच्याकडेही अरुंदच आहे.

गिरगावकर :

मी मुंबईतून वाचतो आहे. तुमच्या शहराशी माझा संबंध मुलगी तिथे राहते एवढाच, परंतु नदीकाठताईंचा मुद्दा वाचून राहवले नाही.

आमची चाळ धोकादायक ठरवून रिकामी केली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आम्हाला संक्रमण शिबिरात पाठवले आणि सांगितले की तीन वर्षांत नवी इमारत होईल, परत याल. माझ्या आईने पितळेची भांडी गोणपाटात बांधून खाटेखाली सरकवली आणि घरात भिंतीला एकही खिळा ठोकू दिला नाही, कारण जायचेच आहे, कशाला भिंत खराब करायची. आम्ही त्या खोलीत एकोणीस वर्षे राहिलो. माझे शिक्षण, बहिणीचे लग्न, वडिलांचे जाणे, सगळे तिथे झाले. तिथल्या भिंती तीन वर्षांच्या हिशेबाने बांधल्या होत्या, त्यामुळे पावसाळ्यात आम्ही अंथरुणे मधोमध ओढत असू. दुरुस्तीचा अर्ज केला की उत्तर मिळे, हे शिबिर तात्पुरते आहे. परत जाण्याचा अर्ज केला की उत्तर मिळे, जागा तयार नाही. दोन्ही उत्तरे खरी होती, हेच त्यातले दुःख.

इथे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तासांचा निवारा असावा असे सांगितले. पुढे शहरी बेघरांच्या सरकारी योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली गेली. तुमच्याकडच्या ८० चौरस फुटांशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ‘तात्पुरते’ हा शब्द ज्या कागदावर लिहिला आहे, त्याच कागदावर तारीख, पुढच्या घराचा पत्ता आणि जबाबदार माणसाचे पद लिहिलेले आहे की नाही, ते पाहा. आमच्या कागदावर फक्त पहिला शब्द होता.

दक्षिण_टोक :

काका, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. खिळ्याचे वाचून आम्ही दोघेही गप्प झालो.

ताई, एक विचारायचे राहिले. इतक्या खोल्या झाल्या, तरी बेघरांची संख्या कमी का होत नाही? सभेत याचे उत्तर कोणी देत नाही, म्हणून लोकांना वाटते की पैसा पाण्यात जातो आहे.

नदीकाठ :

गिरगावकर काका, जे मला तीन परिच्छेदांत सांगता आले नाही ते तुम्ही सांगितलेत.

दक्षिण_टोक, आकडे दोन आहेत आणि सभांमध्ये प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा एकच सांगते. सॅन होजेतील एकूण बेघरांची संख्या २०१९ च्या मोजणीत ६,०९७ होती, २०२३ मध्ये ६,२६६ आणि २०२५ मध्ये ६,५०३. म्हणजे ती घटलेली नाही, वाढली आहे. परंतु त्यातले पूर्णपणे उघड्यावर, तंबूत किंवा गाडीत राहणारे किती, हे पाहिले तर २०१९ मध्ये १०० पैकी ८४ होते, २०२३ मध्ये ७० आणि २०२५ मध्ये साठच्या आसपास. टायनी होम वसाहती आणि मोटेलमधल्या खोल्या यांनी केलेला हा बदल आहे आणि तो खरा आहे. हजारावर माणसे आज कुलूप लावून झोपतात. वसाहतीत राहणारा माणूस मात्र मोजणीत बेघरच धरला जातो, कारण त्याच्याकडे घर नाही, निवारा आहे. एकूण आकडा घटायचा तर कायमची घरे मिळायला हवीत आणि नव्याने बेघर होणे थांबायला हवे. आपल्या कौंटीत एका कुटुंबाला घर मिळते तोवर जवळपास दोन नवी कुटुंबे पहिल्यांदाच बेघर होतात. बादलीला खालून भोक आणि वरून नळ सुरू, अशी ती स्थिती आहे. भाडे थकलेल्या कुटुंबाला वेळेवर थोडी मदत देऊन घरातच टिकवणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणखी एका गोष्टीची मला काळजी वाटते. जून २०२४ मध्ये ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की निवारा उपलब्ध नसला तरी उघड्यावर झोपणाऱ्यांवर शहरे कारवाई करू शकतात. त्यानंतर वर्षभराने आपल्या सिटी कौन्सिलने तीनदा निवारा नाकारणाऱ्याला अटक होऊ शकेल असे धोरण मंजूर केले. नाकारण्यामागे काय असते ते मी विचारून पाहिले आहे. एकाने कुत्रा नेता येणार नाही असे ऐकले होते, एकीला आपल्या साथीदारापासून वेगळे व्हायचे नव्हते, एका वृद्धाला जिथे एकदा मारहाण झाली त्याच भागातली जागा देऊ केली होती. पोलिसांच्या नोंदीत या तिन्हींपुढे ‘नाकारले’ एवढेच लिहिले जाईल. अटकेची नोंद झालेल्या माणसाला पुढे भाड्याने घर मिळणे किती अवघड होते, हे वेगळे सांगायला नको.

राज्याच्या आश्वासनांवरही विसंबून राहता येत नाही. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी १,२०० छोटी घरे जाहीर केली, त्यांतली २०० सॅन होजेसाठी होती, आणि वर्ष उलटले तरी त्यांतले एकही घर कुठे उघडले नव्हते. म्हणून आपल्या सभेत, आपल्या कौन्सिल सदस्यासमोर प्रश्न विचारत राहणे महत्त्वाचे आहे.

पायाभरणी :

पुढच्या सभेत जाणार असाल तर वर्णनात्मक प्रश्न विचारू नका, त्याला वर्णनात्मक उत्तर मिळते. नेमकी संख्या मागा आणि ती लेखी मागा.

नदीकाठ :

तसेच करू. मी कच्चा मसुदा केला आहे : गेल्या बारा महिन्यांत या वसाहतीतून किती माणसे बाहेर पडली, त्यांपैकी किती कायमच्या घरात गेली, किती रस्त्यावर परतली, आज राहणाऱ्यांपैकी किती जण वर्षापेक्षा अधिक काळ तिथे आहेत, आणि या प्रभागात पुढच्या दोन वर्षांत किती अनुदानित घरांना पैसा मंजूर झाला आहे. शेवटी काकांचा मुद्दा घातला आहे : नव्या वसाहतीच्या करारात ‘तात्पुरते’ या शब्दापुढे तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद आहे का?

दक्षिण_टोक :

यात सुया गोळा करण्याची पेटी पायवाटेवर बसवणे आणि रात्रीचा फोन क्रमांक फलकावर लावणे या माझ्या दोन मागण्या घाला, मग मी सही करते. आमच्या रस्त्यावरच्या आणखी चार घरांच्या सह्याही आणते. त्यातले दोघे अजून विरोधात आहेत, पण संख्या मागायला त्यांची हरकत नाही.

आणि ताई, या रविवारच्या खिचडीसाठी तांदूळ मी आणू का? मला आत येऊन वाढायचे आहे, मुलांना नंतर कधीतरी आणीन.

नदीकाठ :

दोन्ही मागण्या घातल्या आहेत. तांदूळ आहेत, जमल्यास सफरचंदे आण, सोलून, बारीक फोडी करून. साडेचारपर्यंत आमच्याकडे ये, म्हणजे पातेली गाडीत ठेवायला हात लागतील. दारावर नाव नोंदवावे लागते, ओळखपत्र बरोबर असू दे.